उत्तरेच्या नदीची धाकटी लेक

एकदा काय झालं, पार उत्तरेला, जिथे उन्हाळासुद्धा स्वेटर घालून येतो, तिथे एक नदी होती. आपली गोदावरी जाते पूर्वेला, ही जायची थेट उत्तरेला, बर्फाच्या समुद्राकडे. तिला तीन लेकी, म्हणजे उपनद्या बरं का. थोरली डोंगरातून धोंडे लोटत यायची. मधली रानातून ओंडके आणायची. धाकटी एवढीशी, पण गरम झऱ्याची! ऐन थंडीतही गोठायची नाही. शमे, पाय पांघरुणात घे, नाहीतर गोष्ट बंद.

मग वसंत आला. उगमाकडचा बर्फ आधी वितळला, मुखाशी मात्र तसाच घट्ट. पाणी धावत आलं, तर पुढे दार बंद! मग ते काठावर चढायला लागलं. काठावर सार्दानाचा तंबू. ती रेनडिअर पाळायची. त्यांची पिल्लं कालच जन्मलेली, धड उभीही राहत नव्हती. पळणार कुठे?

सार्दाना ओरडली, "नदीबाई, माझी पिल्लं बुडतील गं!"

"मी काय मुद्दाम करते? दारच उघडत नाही," नदी म्हणाली.

मग थोरलीनं धोंडे आपटले. बर्फ हलेना. मग मधलीनं ओंडके हाणले. छे! मग नदीनं विचारलं, "माझी धाकटी कुठाय? दरवर्षी तीच तर दार उघडते."

सार्दानाचा चेहरा पडला. यंदा हिवाळ्यात तिनं आणि तिच्या भावानंच दगडांचा बांध घालून धाकटीला तंबूपाशी अडवलं होतं. दारात गरम पाणी, कोणाला नको असतं?

ती बांधाकडे धावली. तिचा भाऊ न्युरगुन आडवा आला. "अगं, हा फोडलास तर पुढच्या हिवाळ्यात काय बर्फ चघळायचा?"

"चघळू! पिल्लं गेली तर कोणाच्या जिवावर जगायचं?"

मग तिनं दगड उपसले. बोटं सोलवटली, पण थांबली नाही हो बाई! न्युरगुननंही हात लावला. शेवटचा धोंडा निघाला आणि धाकटी सुटली. मग ती बर्फाखाली शिरली, त्याला आतून पोखरत थेट मुखापाशी गेली. आणि धाडकन बर्फ दुभंगला! पाणी धो धो समुद्रात गेलं. पिल्लांच्या खुरांशी आलेलं पाणी मागे सरलं.

समुद्र दचकला. "एवढा बर्फ फोडणारी कोण गं ही?"

नदी ताठ मानेनं म्हणाली, "माझी धाकटी! आणि तिला सोडवणारी ती बघ, काठावर उभी आहे. तिलाही नीट बघून ठेव."

मग सार्दाना, न्युरगुन आणि सगळी पिल्लं सुखानं राहिली. हिवाळ्यात बर्फ वितळवून पाणी प्यायली, कुरकुर केली नाही. चला, मिटा डोळे. आता जो बोलेल, त्याला सकाळी गार पाण्यानं आंघोळ!