गोंदा बुरुडाचे नवे डोळे

फार मागची गोष्ट आहे, लेकरांनो. आणि लेकरांच्या आजोबांनो, तुम्हीही ऐका. डोंगरापलीकडच्या एका गावात गोंदा नावाचा बुरूड राहायचा. जन्मापासून आंधळा. पण हात असे, की बांबूची कांब नुसती बोटांवरून गेली तरी ती ओली की सुकी ते त्याला कळायचं. बायको ठकू बांबू फोडायची, तो टोपल्या विणायचा. दोघांचं बरं चाललं होतं.

एकदा गावात फिरता वैद्य आला. त्यानं गोंदाच्या डोळ्यांवरचं पडळ काढलं आणि वर पट्टी बांधली. जाताना ठकूला म्हणाला, "बाई, हे डोळे तान्हे आहेत. पट्टी सुटल्यावर महिनाभरात त्यांना उजेडाची सवय लागली तर जगतील. झाकून ठेवले तर निजतील, आणि मग मलाही उठवता यायचे नाहीत."

पट्टी सुटली त्या दिवशी सगळा गाव अंगणात जमला. गोंदानं डोळे उघडले. उजेड एकदम आत घुसला. माणूस कुठला, झाड कुठलं, काही सुटं दिसेना. सगळं एकमेकांत कालवल्यासारखं, आणि थेट बुबुळांना चिकटलेलं.

"ओळख बघू, तुझी ठकू कोण?" पाटील म्हणाले.

गोंदानं बराच वेळ पाहिलं आणि बोट केलं ते दोरीवर वाळणाऱ्या लुगड्याकडे.

सगळं अंगण खो खो हसलं. "वहिनी, तुमच्यापेक्षा लुगडंच त्याच्या मनात भरलं!" कुणीतरी ओरडलं.

मग रोज तेच. झाडाची सावली दिसली की गोंदा खड्डा समजून उडी मारायचा, पोरं टाळ्या पिटायची. विणताना हातांकडे पाहिलं की बोटं चुकायची. पाचव्या दिवशी त्यानं डोळ्यांवर फडकं बांधलं.

"मला नकोत हे. अंधारात मी शहाणा होतो, उजेडात येडा झालो."

ठकूनं समजावलं, रागावली, रडली. गोंदा ऐकेना. दिवस चालले होते, आणि ठकूच्या काळजात वैद्याचं बोलणं टोचत होतं.

एका सकाळी तिनं माळ्यावरून एक जुनी टोपली काढली आणि त्याच्या हातात दिली.

गोंदानं बोटं फिरवली आणि त्याच्या ओठांवर हसू आलं. "ही तर माझी पहिली टोपली! सात वर्षांचा होतो."

"कशी झाली आहे हो?"

"वाकडी. बूड एकीकडे, काठ दुसरीकडे."

"मग लोक हसले असतील."

"हसतील कसे? आम्हा बुरुडांची रीत आहे. शिकणाऱ्याच्या पहिल्या टोपलीला नाव ठेवायचं नाही. जो ठेवील, त्यानं तीच टोपली डोक्यावर घालून गावभर हिंडायचं. बाबा माझ्या मागे बसायचे, माझी बोटं आपल्या बोटांत घ्यायचे."

"तुमच्या डोळ्यांचीही ही पहिलीच टोपली आहे," ठकू म्हणाली. "तिला तुम्हीच का नावं ठेवता?"

गोंदाचा हात हळूच फडक्याच्या गाठीकडे गेला.

त्या दिवसापासून ठकू रोज एकच वस्तू आणायची. कधी कांदा, कधी तांब्या. गोंदानं ती आधी डोळे मिटून हातांनी ओळखायची, मग डोळे उघडून तीच पाहायची. घाई नाही, परीक्षा नाही.

एकदा पाटील डोकावले. "काय गोंदा, आज तरी बायको सापडली का?"

"पाटीलबाबा, पहिली टोपली चालू आहे," ठकू म्हणाली. "नाव ठेवलंत तर डोक्यावर घ्यावी लागेल!"

पाटील हसले, पण ओट्यावर टेकले आणि उठेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. ते बघून गावही गप्प झालं.

महिना सरत आला. ठकू रिकाम्या हातांनी समोर बसली. गोंदानं डोळे मिटून तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, कपाळ, नाक, हनुवटी. मग डोळे उघडले.

"ही तू होय?"

"मीच. म्हातारी दिसते म्हणून परत फडकं बांधू नका."

गोंदा तिच्या गालाकडे बघत राहिला. "हे काय गं चकाकतंय?"

"पाणी आलंय डोळ्यांतून."

"इतकी वर्षं ते माझ्या बोटांना ओलं लागायचं," गोंदा हलक्या आवाजात म्हणाला. "असं चकाकतं, ते मला ठाऊकच नव्हतं."

त्याचे डोळे जगले, आणि मरेपर्यंत त्याला साथ देत राहिले.

तात्पर्य काय, तर नव्यानं शिकणाऱ्याला हसू नये. त्याच्याजवळ बसावं, आणि त्याला वेळ द्यावा.