कवडीच्या अंड्यांखालची टकटक

समुद्राकाठच्या एका तटबंदीच्या शहराला क्रूस मिरवणाऱ्या सैन्याने वेढा घातला होता, तेव्हाची ही गोष्ट. बुरुजाच्या पायथ्याशी खुडूक बसलेल्या कवडी कोंबडीला पोटाखाली टकटक जाणवली.

"आत्या, अंड्यांखाली काहीतरी वाजतंय!" ती दचकून ओरडली.

"अगं, पहिलीच खेप तुझी. पिल्लं चोच मारताहेत," तांबडी आत्या म्हणाली.

"पण मी कालच तर बसले!"

"मग घाबरट असतील. आईवर गेलीत," कोंबडा म्हणाला आणि सगळं खुराडं हसलं. कवडी शीड फडफडलं तरी ओरडायची, त्यामुळे तिचं कोणी मनावर घेत नसे. पहारेकरीसुद्धा समुद्राकडे डोळे लावून होते.

कवडीने अंडी एकेक करून बाजूला ढकलली. टकटक तिथेच राहिली, जमिनीत. शत्रू बुरुजाखाली खणत होता. बुरुज ढासळला तर अंडी, खुराडं, शहर, सगळंच जाणार होतं.

ती ओरडत अंगणभर धावली. कोणी मानही वर केली नाही. शेवटी ती पहाऱ्यावरच्या भुऱ्या कुत्र्यापाशी गेली. तो ठार बहिरा होता, त्यामुळे तिचं आजवरचं ओरडणं त्याने कधी ऐकलंच नव्हतं. कवडीने त्याचा कान चोचीत धरून ओढला. तो निमूट तिच्यामागे आला आणि तिच्या घरट्यातल्या गवतावर हनुवटी टेकून पडला.

जमिनीतली थरथर हनुवटीला जाणवताच त्याच्या पाठीवरचे केस ताठ उभे राहिले. तो उठला आणि बुरुजाकडे तोंड करून जिवाच्या आकांताने भुंकू लागला.

"काय रे भुऱ्या, काय झालं?" वरून पहारेकऱ्याने विचारलं, आणि तो पायऱ्या उतरू लागला.