मिशीला मिशी

फार मागची गोष्ट, झाडंसुद्धा बोलायची तेव्हाची. वाघोबाच्या रानात दवंडी पिटली, की आजपासून निरोप धाडायचा तो सरकारी राघूकडूनच. राघू फुकट होता, चपळ होता. फक्त ऐकलेलं सगळं आधी प्रधानाच्या कानात ओतायचा. प्रधान होता खवल्या मांजर, आणि मुंग्यांची अंडी म्हणजे त्याचा जीव की प्राण.

मुंग्यांची रीत निराळी. वाटेत भेटलं की मिशीला मिशी लावायची आणि काय ते तिथंच सांगायचं. वारूळ ढासळायला लागलं होतं, अंडी हलवायची होती. कुठं, ते यसाक्का मुंगी राघूला सांगेना. तिला दरबारात उभी केली.

"आक्का, मनात पाप नाही, तर लपवतेस काय?" प्रधान गोड बोलला.

"पाप नाही बाबा, पोरं आहेत. मिशी मी सोडायची नाही. कापायची तर मानेसकट कापा."

वाघोबा गुरगुरला, "हुकूम सगळ्यांना सारखा."

"मग प्रधानजींपासून सुरुवात करा, महाराज. यांचं पिल्लू कुठल्या बिळात निजतं, ते राघूला सांगू द्या. तरसभाऊही आलेत ऐकायला."

राघूनं कान पुढं केला. प्रधानानं तरसाकडे पाहिलं, तोंड पोटात खुपसलं आणि अंगाचा घट्ट गोळा केला. वाघोबानं पंजानं लोळवलं, तरी गोळा उघडेना.

मग यसाक्कालाही कुणी अडवलं नाही. ती बाहेर आली. दारात बहीण उभी होती. दोघींनी मिशीला मिशी लावली.

अंडी सुखरूप पोचली. कुठं, ते मला विचारू नका. मलाही कुणी सांगितलेलं नाही.