रावळूनं काढलेला चिरा

तुमच्या पणजोबांच्याही आधीची गोष्ट बरं का. तेव्हा आंबेखोलच्या मधल्या वाडीत बारा घरं आणि सगळ्यांचं मिळून एकच अंगण होतं. सकाळी ज्या घरातून आधी धूर निघे, तिथून बाकीच्या बायका करवंटीत विस्तव न्यायच्या. चूल पेटली नाही की शेजारीण दारात हजर!

मग एकानं घराभोवती पुरुषभर उंचीची, जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची भिंत घातली. त्याचं बघून सगळ्यांनाच भिंत हवी झाली. रावळू गवंड्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. त्याला लहानाचं मोठं करणारी बायजामावशी वाडीच्या टोकाला एकटी राही. शेजाऱ्याची भिंत तिच्या दाराला लागून उठू लागली, तेव्हा ती म्हणाली, "रावळू, मी पडले तर हाक कुठं मारू रे?"

तो हसला आणि पुढचा चिरा बसवला.

एकेक भिंत पुरी होत गेली आणि वाडीचा आवाजच गेला. माणसं घरात असून चुकल्यासारखी वागू लागली. रावळू जेवायला बसे, तेव्हा मावशी जेवली असेल का, हेच मनात घोळायचं. पण काम सोडून जायचा नाही. उद्या जाऊ, म्हणायचा. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी त्याला राहवेना, तो धावत सुटला. मावशी थंड चुलीपाशी पडली होती.

"हाका मारल्या रे," एवढंच बोलली आणि गेली.

त्याच दिवशी रावळूनं वाडीतल्या प्रत्येक भिंतीतला एकेक चिरा नुसत्या हातांनी उपसून काढला. दुधाचे दात पडावेत तसे ते सुटले, असं म्हणतात. लोक चिडले, शिव्या घातल्या, भोकं बुजवली. दुसऱ्या सकाळी सगळे चिरे पुन्हा खाली. सात वेळा बुजवले, सात वेळा पडले, असं म्हणतात. शेवटी लोकांनीच हात टेकले. रावळू मात्र मरेपर्यंत रोज संध्याकाळी भोकाभोकातून हाक मारत फिरला.

आता तिथं सिमेंटच्या भिंती आहेत, घरोघरी गॅस आहे. तरी नवी भिंत घालताना तोंडाच्या उंचीवर एका चिऱ्याची जागा मोकळी सोडतात. दिवेलागणीला तिथं तोंड लावून शेजाऱ्याला विचारतात, "चूल पेटली का?" पलीकडून "पेटली" येईपर्यंत कुणी तिथून हलत नाही. आणि आलंच नाही, तर भिंतीवरून उडी टाकायला कुणाची परवानगी लागत नाही.