क्लेगबाईंचं मत

मला वाटलं होतं, विलायतेतली निवडणूक म्हणजे शांत, सभ्य चर्चा. १९३० साली, विलायतेत शिकत असताना, लँकेशायरच्या एका गिरणीगावात पार्लमेंटच्या पोटनिवडणुकीच्या प्रचाराला गेले, तर तिथं नुसता आरडाओरडा, टवाळी आणि धाक! एक उमेदवार होते गिरणीमालक सर हंफ्री. कामगारांची घरंही त्यांचीच. मी मजूर पक्षाची पत्रकं वाटत होते.

मतदानाच्या दिवशी सर हंफ्रींच्या मोटारी मतदारांना आणत होत्या. गिरणीत विणकाम करणाऱ्या क्लेगबाई त्यांतूनच आल्या आणि मत देऊन बाहेर पडल्या. सर हंफ्री दारातच उभे होते.

"काय गं, मत कुणाला दिलंस? माझ्या मोटारीतून आलीस, माझ्या घरात राहतेस. आहे ना लक्षात?"

मी जवळच उभी राहून ऐकत होते. बाईंनी मत आम्हाला दिलं असेल, तर घर जाणार होतं!

बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "साहेब, कायदे करायला निघालात तुम्ही, आणि गुप्त मतदान मोडायला मला सांगता?"

अख्खी रांग हसली. तिथं जमलेल्या वार्ताहरांनी वह्या उघडल्या.

"छे छे, बाई! कुणालाही सांगू नका!" साहेब घाईघाईनं म्हणाले.

साहेब एकोणीस मतांनी पडले. एक विणकर बाई मालकाला असं नमवू शकते, तर मी का मागं राहू? दुसऱ्या दिवशी सकाळीच मी ठरवलं, साताऱ्याला परतायचं आणि नगरपालिकेची निवडणूक लढवायची!