न तोललेला संसार

घाट चढायला बैलांवाचून दुसरं साधन नव्हतं, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट.

बाहुल्यांचे खेळ करणारा एक माणूस होता. दोन चाकांची बैलगाडी हेच त्याचं घर. वर छप्पर, आत चूल, अंथरुणं आणि पुढच्या बाजूला बाहुल्यांची पेटी.

एकदा पलीकडच्या जत्रेला जाताना वाटेत घाट लागला. पायथ्याशी एक म्हातारा भलामोठा काटा लावून बसे आणि पंचवीस मणांहून जड गाडी वर सोडत नसे. पण या खेळवाल्यांची एक रीत होती: सामान तोलायचं, संसार तोलायचा नाही. तोलला की म्हणे दृष्ट लागते. म्हणून त्याने आईला आणि बायकोला उतरवलं. जातं, पाटा, पाण्याचे हंडे, धान्याची पोती खाली मांडली. गाडी चोवीस मण भरली.

"हे सगळं परत चढणारच ना?" म्हाताऱ्याने विचारलं.

"ते ओझं नाही आजोबा, ते आमचं घर आहे."

"बैलांना कोण सांगणार तसं? निदान सगळं चढवल्यावर जू तरी काट्याला टांग, म्हणजे पुढे किती भार उरतो ते कळेल. मागे भार जास्त झाला, तर चढणीला गाडी मागे कलंडेल."

"पाहू द्या की हो त्यांना," बायको नवऱ्याला म्हणाली. "वासरं असल्यापासून मी वाढवलंय या बैलांना."

"जत्रा थांबणार आहे का आपल्यासाठी?" म्हणत त्याने सगळा संसार भराभर मागे कोंबला. अशी घाई फार शहाण्यासारखी वाटते, पहिल्या वळणापर्यंत. बायको काही गाडीत बसली नाही. सासूला घेऊन ती बैलांशेजारून चालू लागली.

तिसऱ्या वळणावर गाडी मागे बसली. जू वर उचललं गेलं आणि बैलांच्या गळ्यातले पट्टे आवळले. त्यांचे डोळे पांढरे झाले. खेळवाल्याने उडी टाकली. बायकोने कमरेचा विळा काढून दोन्ही पट्टे कापले. बैल सुटले, गाडी दरीत गेली.

तिघं बैलांना घेऊन पायथ्याशी परतली. खेळवाल्याला मान वर करवेना. बायको मात्र सरळ काट्याच्या पारड्यात जाऊन बसली.

"आजोबा, आधी आम्हाला तोला. नवी गाडी केवढ्या भाराची बांधायची, ते कळू दे."

तात्पर्य: आपलं म्हणून जे आपण मोजत नाही, त्याचंही ओझं कुणीतरी वाहत असतं.