बांधातली बिळं

एकदा एका खाडीकाठच्या गावाजवळ, खाडीच्या तोंडाशी, परमुलुखातलं गलबत नांगर टाकून थांबलं. त्यावरचे खलाशी गोडं पाणी भरायला उतरत आणि जाता जाता एखादी बातमी सोडून जात. या खेपेची बातमी अशी होती, की खालच्या वाडीचे लोक अमावास्येच्या उधाणात खाडीचं पाणी अडवणारा बांध फोडून वरच्या वाडीची भातशेती खाऱ्या पाण्यात बुडवणार. बांध फुटला तर त्यांची स्वतःची शेतंही बुडतील, हा साधा विचार कुणाला शिवला नाही.

अमावास्येच्या सकाळी शिष्य धापा टाकत वृद्ध गुरूंकडे आला. तो वरच्या वाडीचा. त्याचा थोरला भाऊ राघो पहाटेपासून कोयता घेऊन बांधावर बसला होता, आणि ते पाहून खालच्या वाडीचा गोमाही माणसं घेऊन समोर येऊन उभा राहिला होता.

"गुरुजी, दुपारच्या भरतीआधी तिथं रक्त सांडेल. बातमी खोटी आहे एवढं तुम्ही सांगा. तुमचा शब्द कुणी मोडणार नाही."

"टोपलीत चिखल भर," गुरू म्हणाले. "आणि पेंढ्याचा भारा घे."

शिष्याला राग आला. भावाचा जीव टांगणीला लागलेला आणि यांना चिखल सुचतोय. तरी त्यानं टोपली भरली आणि भारा उचलला.

पूर्वी प्रत्येक उधाणाआधी, ओहोटी असताना, दोन्ही वाड्या मिळून बांधावरून चालत आणि खेकड्यांची बिळं चिखल-पेंढ्यानं बुजवत. गेल्या उन्हाळ्यात खालच्या वाडीत साथ आली. वरच्या वाडीनं घाबरून त्यांना आपली विहीर बंद केली. माणसं दगावली. पुढं त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. बांधाच्या मध्यावर फक्त हद्दीचा एक दगड रोवला गेला. आता जो तो आपापली बाजू राखी आणि त्या दगडाजवळ कुणीच पाय ठेवत नसे.

गुरू थेट त्या दगडापाशी जाऊन बसले. त्यांनी एका बिळात हात घातला, तो खांद्यापर्यंत आत गेला. भरती लागली होती. पाणी बांधाच्या पायथ्याशी आलं होतं.

"गुरुजी, बाजूला व्हा," राघो कोयता सरसावत आला. "या लोकांचा भरवसा नाही."

गुरूंनी वर पाहिलं नाही. "समुद्र साऱ्या बांधाला धडका देतो, राघो. पण आत शिरतो तो बिळातून. बिळं समुद्र पाडत नाही. ते खलाशी प्रत्येक बंदरात काहीबाही पेरत जातात. दोन वाड्या भांडल्या की त्यांना अडवायला खाडीच्या तोंडावर कोण उरणार, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांचं ते कामच आहे. पण तुम्हाला ते इतक्या लवकर खरं का वाटलं?"

शिष्याला ती विहीर आठवली. त्या उन्हाळ्यात गोमा रिकामा हंडा घेऊन विहिरीवरून परतला, तेव्हा रहाटापाशी तो स्वतः उभा होता आणि त्यानं मान फिरवली होती. गोमानं सूड घेतला तर तो वावगा नव्हे, असं त्याला तेव्हापासून आतून वाटत आलं होतं. खलाशांनी त्याला नवं काहीच सांगितलं नव्हतं.

शिष्य दगड ओलांडून गोमापुढं गेला.

"गोमादादा, विहीर आम्ही बंद केली. मी तिथंच होतो."

"माझी आय गेली त्यात," गोमा म्हणाला. "वरषभर वाट बघितली, कुणी येऊन एवढं म्हणंल म्हणून."

त्यानं माफ केलं नाही. पण तो पुढं आला, दगडापाशी बसला आणि पेंढा मागितला. राघो क्षणभर घुटमळला. मग त्याच कोयत्यानं पेंढा तोडून देऊ लागला.

पाणी चढत दगडापर्यंत आलं. तिथली बिळं बुजली होती. बांध टिकला. गलबत अजून खाडीच्या तोंडाशीच उभं होतं, आणि शिष्य पुढचं बीळ चाचपत होता.

परक्याची बातमी चटकन खरी वाटली, तर आधी आपल्या बांधात हात घालून पाहावा.